बर्फाच्या पिंजऱ्यापासून एक पौंड ज्वारीपर्यंत : देहाच्या जमाखर्चाची गोष्ट

१/ आजचा धागा जरा लांबचा फेरा घेणार आहे. आरंभ होतो पॅरिसमध्ये, १७८२-८३च्या हिवाळ्यात, चहूबाजूंनी बर्फ भरलेल्या एका पिंजऱ्यापाशी. तेथून आपण जावा बेटावर, लंडनच्या एका तुरुंगात आणि लँकेशरच्या बंद गिरण्यांत डोकावून शेवटी १८७७ सालच्या दख्खनमधल्या खडीच्या ढिगांपाशी पोहोचू. सर्वत्र प्रश्न एकच आहे. जिवंत देहाला नुसते जगण्यासाठी किती इंधन लागते, आणि त्याने कष्ट करायचे म्हटले तर वर आणखी किती?

२/ पिंजऱ्यात होता एक गिनीपिग. प्रयोग करणारे दोघे : रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए आणि गणिती पिएर-सिमाँ लाप्लास. लाव्हाझिएचा दुसरा पेशा येथे ध्यानात ठेवावा. राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या खाजगी मक्तेदार मंडळींतला तो एक भागीदार होता. सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा आणि दिवसभर सरकारी काम असा त्याचा क्रम असे. येणे आणि जाणे यांचा ताळा जमलाच पाहिजे, ही हिशेबनिसाची खोड त्याच्या रसायनशास्त्रातही उतरली होती. माझ्या मते या गोष्टीत ती खोड फार महत्त्वाची आहे.

३/ यंत्राची रचना साधी होती. एकात एक तीन कप्पे. सर्वांत आत जाळीचा पिंजरा, त्यात प्राणी. मधल्या कप्प्यात बर्फ. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने तो वितळे, आणि खालच्या नळीतून गळणारे पाणी तोलले जाई. बाहेरच्या कप्प्यातही बर्फच, कारण खोलीची ऊब आत शिरली तर सगळा हिशेब बिघडणार. म्हणून हे प्रयोग कडाक्याच्या थंडीतच करता येत. दहा तासांच्या हिशेबाने गिनीपिगने सुमारे १३ औंस, म्हणजे आजच्या मापाने ४०० ग्रॅमच्या आसपास, बर्फ वितळवला.

४/ पुढची पायरी खरी कल्पक होती. तेवढ्याच वेळात तो प्राणी श्वासावाटे जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तितका वायू निर्माण होण्यासाठी किती कोळसा जाळावा लागेल? आणि त्या कोळशाने किती बर्फ वितळेल? उत्तर आले साडेदहा औंसांच्या किंचित खाली. तेरा आणि साडेदहा हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. परंतु ते इतके जवळ होते, की दोघांनी निष्कर्ष काढला : श्वसन हे ज्वलनच आहे, फक्त अतिशय संथ. मेणबत्ती आणि प्राणी एकाच जातीचे काम करतात.

५/ याचे नावीन्य आज चटकन जाणवत नाही. दीड-दोन हजार वर्षे युरोपातील वैद्य मानत आले होते की उष्णता हृदयात उपजतच असते आणि श्वास असतो तो रक्त थंड राखण्यासाठी. आपल्याकडे ‘जठराग्नी’ हा शब्द आहे, पोटात आग पडते असे आपण रोज म्हणतो. पण रूपक निराळे आणि माप निराळे. आग किती मोठी, तिला दर ताशी किती सरपण लागते, हे १७८३ साली प्रथमच तराजूवर तोलून सांगितले गेले.

६/ सहा-सात वर्षांनी लाव्हाझिए माणसाकडे वळला. या खेपेस ‘गिनीपिग’ झाला त्याचा तरुण सहकारी आर्मां सेग्वँ. तोंडावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून मोजून दिलेला प्राणवायू. लाव्हाझिएची पत्नी मारी-आन पोल्झ हिने या प्रयोगांची दोन चित्रे काढली आहेत. एकात सेग्वँ स्वस्थ बसला आहे, दुसऱ्यात पायाने पट्टी दाबून काम करतो आहे. दोन्हींत बाजूच्या मेजाशी टिपणे घेणारी स्त्री दिसते, ती स्वतः मारी-आन. या धाग्यातून दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी ती स्त्री राहावी. तिने इंग्रजी ग्रंथ फ्रेंचमध्ये आणले, आकृत्या काढल्या, नोंदी ठेवल्या. आणि ‘पत्नी’ या एका शब्दात बहुतेक पाठ्यपुस्तकांनी तिला निकालात काढले.

७/ आता आकडे पाहा. उपाशीपोटी, स्वस्थ बसलेला सेग्वँ ताशी सुमारे १२१० घनइंच प्राणवायू वापरत होता. हवा थंड असली की १३४४. जेवणानंतर, पचन चालू असताना, १८०० ते १९००. उपाशीपोटी वजन उचलण्याचे काम करताना ताशी ३२०० या दराने. आणि जेवणानंतर तेच काम करताना ४६००. म्हणजे स्वस्थ बसणे, थंडी सोसणे, अन्न पचवणे आणि कष्ट करणे या चार गोष्टींचा खर्च एकाच मापात, शेजारी शेजारी मांडला गेला. प्राणिशरीराच्या ऊर्जाखर्चाचे जे चार मुख्य रकाने शरीरशास्त्र आजही मानते, ते सारे या एका तक्त्यात आहेत. आजच्या उपकरणांनी काही आकडे थोडे चढे वाटतात; रकाने मात्र टिकले.

८/ परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबवणारी जागा तक्त्यानंतर येते. १७९०च्या सुमारास, क्रांती ऐन भरात असताना, अकादमीपुढे मांडलेल्या त्या निबंधात लाव्हाझिए मध्येच प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : हातापायांनी राबणारा गरीब मनुष्य स्वतःचा देह अधिक जाळतो, म्हणजे त्याला अन्नही अधिक हवे. श्रीमंत निष्क्रिय असतो, त्याची गरज कमी. मग विपुलता त्याच्या ताटात, आणि जो ती खर्चणार त्याच्या ताटात टंचाई, हे कसे? आणि याचे खापर निसर्गावर फोडू नये, दोष समाजाच्या संस्थांचा आहे, असेही तो स्पष्ट म्हणतो.

९/ हे लिहिणारा मनुष्य गरिबांच्या मिठावर आणि तंबाखूवर कर वसूल करून गबर झालेल्या मंडळाचा भागीदार होता, ही विसंगती त्याच्या समकालीनांनाही दिसली असेलच. ८ मे १७९४ रोजी इतर करमक्तेदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला. (सेग्वँने पुढे चामडे कमावण्याचा उद्योग काढला आणि सैन्याला माल पुरवून अफाट पैसा केला.) पण प्रश्न कागदावर राहून गेला होता : श्रमाला जास्तीचे अन्न लागते हे जर मोजता येते, तर ते अन्न देण्याची जबाबदारी कोणाची?

१०/ पुढची पन्नास वर्षे मी भराभर ओलांडतो. १८४० साली युलिउस रोबर्ट मायर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजावरून जावा बेटावर पोहोचला. सुराबाया बंदरात खलाशांची नस कापताना त्याला नीलेतले रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसले. प्रथम त्याला वाटले, चुकून रोहिणीच कापली गेली. मग त्याने तर्क केला : उष्ण हवेत देह ऊबदार राखण्यासाठी कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो. या एका निरीक्षणावरून तो उष्णता आणि यांत्रिक काम एकमेकांत बदलतात, नाहीसे होत नाहीत, या सिद्धांतापर्यंत गेला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणाऱ्या पहिल्या काहींत त्याचे नाव येते, आणि त्याची सुरुवात एका खलाशाच्या दंडापासून झाली. ‘उष्ण देशात कमी लागते’ हा तर्क लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटेल.

११/ लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात त्या काळी पायचक्की होती. कैद्यांनी तासन्‌तास तिच्या फळ्यांवर चढत राहायचे. चक्की काहीच दळत नसे, फक्त हवा ढवळत असे. १८५०च्या दशकात एडवर्ड स्मिथ नावाचा वैद्य तेथे गेला. या शिक्षेने कैद्याच्या देहाचे काय होते हे त्याला मोजायचे होते. तो स्वतः मुखवटा आणि वायू शोषणारे उपकरण लावून चक्कीवर चढला. विश्रांतीच्या तुलनेत श्वासातला कार्बन डायऑक्साइड कित्येक पट वाढलेला आढळला. निरुपयोगी श्रमालाही देह पूर्ण किंमत मोजतो. सर्वांना एकच शिधा देऊन काहींना चक्कीवर चढवणे म्हणजे त्यांना त्यांच्याच मांसावर जगायला लावणे, असा याचा अर्थ होता.

१२/ १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचा कापूस बंद झाला आणि लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या. हजारो कामगार बेकार होऊन मदतीवर जगू लागले. सरकारने स्मिथला विचारले : उपासमारीचे रोग होऊ नयेत इतपत अन्न, कमीत कमी किमतीत, म्हणजे किती? तो घराघरांत जाऊन लोक काय खातात हे लिहून घेऊ लागला. त्याचे उत्तर : प्रौढ पुरुषाला दिवसाला ४३०० ग्रेन कार्बन आणि २०० ग्रेन नायट्रोजन मिळेल इतके अन्न. आजच्या मापात सुमारे २७९ ग्रॅम कार्बन आणि १३ ग्रॅम नायट्रोजन. ऊर्जेच्या भाषेत सांगायचे तर अडीच हजार किलोकॅलरींहून थोडे अधिक. आणि हे कोणासाठी? बेकार माणसासाठी, जो त्या वेळी गिरणीत राबत नव्हता.

१३/ येथे आपला धागा महाराष्ट्राला स्पर्श करतो. लँकेशरची टंचाई ती मुंबईची चंगळ. अमेरिकेचा कापूस थांबताच वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा सट्टा फुगला आणि १८६५ साली युद्ध संपताच फुटला. एकाच साम्राज्यातील, एकाच कापसाने बांधलेले हे दोन प्रदेश. म्हणून पुढली तुलना मला ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

१४/ १८७६चा पाऊस दख्खनमध्ये फसला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी या जिल्ह्यांत आणि दक्षिणेत म्हैसूर-मद्रासपर्यंत पिके वाळली. सरकारने दुष्काळी कामे काढली : खडी फोडणे, रस्ते बांधणे, तलाव खणणे. तत्त्व असे, की मदत हवी त्याने काम करावे. खरा गरजू तोच कष्टाला तयार होईल. म्हणजे कष्ट ही येथे मुख्यतः गरजेची परीक्षा होती. रस्ता हे दुय्यम फळ. पायचक्कीची आठवण व्हावी असा हा तर्क आहे, जरी खडीचा उपयोग हवा ढवळण्याहून निश्चितच अधिक होता.

१५/ जानेवारी १८७७मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल याला दुष्काळी प्रदेशाच्या दौऱ्यावर पाठवले. तीन वर्षांपूर्वी याच टेंपलने बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून मोकळ्या हाताने खर्च केला होता. तेव्हा मृत्यू फार थोडे झाले, आणि उधळपट्टीबद्दल त्याच्यावर टीकेची झोड उठली. हा डाग त्याला पुसायचा होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. या खेपेस सूचना होती, जीव वाचवा पण कमीत कमी पैशांत. टेंपलने पुरुष मजुराची दिवसाची मजुरी ठरवली : एक पौंड धान्य, किंवा तेवढ्याची किंमत, आणि वर एक आणा. स्त्रियांना व मुलांना याहून कमी.

१६/ मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश याने यावर जाहीर वाद घातला. त्या प्रांतातील लोकांच्या आहाराचा आणि तुरुंगांतील शिध्याचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. त्याचा मुद्दा लाव्हाझिएचाच होता : निष्क्रिय देह जगवण्याचे माप एक, श्रम करणाऱ्या देहाचे दुसरे, पहिल्या मापात दुसरे काम करून घेता येत नाही. त्याची मागणी दीड पौंड धान्य आणि त्याबरोबर डाळीसारखे प्रथिनयुक्त अन्न अशी होती. टेंपलचे उत्तर साधारणतः असे, की शरीरशास्त्रज्ञांची मते सिद्धांत म्हणून ठीक आहेत, पण सार्वजनिक पैशाचा विचार त्यांच्यावर मात करतो. एक पौंडाचा प्रयोग करून तरी पाहू.

१७/ कॉर्निशचे शास्त्र सर्वच बाबतीत अद्ययावत नव्हते. स्नायूंच्या कामाचे इंधन प्रथिनेच, हे लीबिगचे मत त्या वेळी डळमळू लागले होते. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक प्रथिने जवळजवळ वर्ज्य करून स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले होते, आणि लघवीतला नायट्रोजन मोजून त्यांनी दाखवले होते की एवढ्या चढाईची ऊर्जा प्रथिनांतून येणे शक्यच नाही. तेव्हा नायट्रोजनवरचा कॉर्निशचा भर थोडा जुना म्हणता येईल. पण एकूण अन्न अपुरे आहे हा त्याचा मूळ आक्षेप त्यामुळे लंगडा होत नाही. उलट अधिक पक्का होतो. देह जाळतो ते मुख्यतः पिष्ट आणि चरबी, आणि ज्वारीचे मापच तर कापले गेले होते.

१८/ आता आपण हिशेब मांडू. ‘कॅलरी’ हे माप १८७७च्या अधिकाऱ्यांच्या वापरात नव्हते, म्हणून हा आजचा हिशेब समजावा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम ज्वारी. ऊर्जा सुमारे १५५० किलोकॅलरी. पन्नास किलो वजनाचा प्रौढ पुरुष दिवसभर नुसता पडून राहिला तरी श्वास, हृदय, मेंदू, अंगची ऊब यांसाठी साधारण १३०० खर्च होतात. शिल्लक २५०. हातोड्याने दगड फोडण्यासारख्या जड कामाला तासाला याच्या आसपास लागते. म्हणजे धान्याच्या वाट्यातून जगणे भागवून एक तासाचे काम निघते. काम मात्र दिवसभराचे होते. शिवाय कामाची जागा गावापासून दूर असली तर चालण्याचा खर्च वेगळा.

१९/ यावर दोन आक्षेप घेता येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला आण्याचा. त्या एका आण्यात आणखी धान्य विकत घेता येत असे. म्हणून केवळ पौंडभर धान्याचा हिशेब म्हणजे पूर्ण चित्र नव्हे. पण त्याच आण्यात डाळ, मीठ, मिरची, तेल, सरपण बसवायचे होते, भाव चढलेले होते, आणि घरी काम न करू शकणारी म्हातारी माणसे होती. कामावर जाणारा मजूर मिळालेली ज्वारी एकटाच खात असेल, हे ज्याने आपल्याकडचे घर पाहिले आहे त्याला पटणार नाही.

२०/ दुसरा आक्षेप देहमानाचा आणि हवेचा. दख्खनचा शेतकरी लँकेशरच्या विणकराहून लहान चणीचा, हवा उष्ण. मग त्याला कमी लागणारच. हे अंशतः खरे आहे. लहान देहाचा विश्रांतीतला खर्च कमी असतो, आणि ऊब राखण्याचा खर्चही, मायरने सुराबायात पाहिले तसे. परंतु या दोन्ही सवलती विश्रांतीच्या रकान्यातल्या आहेत. श्रमाच्या रकान्यात त्या फारशा चालत नाहीत. मजूर लहान असला म्हणून दगड हलका होत नाही. दहा किलोची पाटी डोक्यावर चढवण्याचे काम सोलापुरात आणि मँचेस्टरात सारखेच. आणि बेकार विणकराच्या किमान मापाहून राबणाऱ्या मजुराचे धान्य हजारभर किलोकॅलरींनी कमी भरते, हे अंतर नुसत्या चणीने भरून निघत नाही.

२१/ मजुरांना हे समजण्यासाठी लाव्हाझिए वाचावा लागला नाही. नवी मजुरी आणि दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम येताच मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी दुष्काळी कामे सोडली. उपाशी माणसे अन्नाकडे पाठ फिरवून निघून जातात, याने अधिकारी चक्रावले. काहींनी त्याचा अर्थ लावला की लोकांना खरी गरजच नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळाने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला निवेदने पाठवली. तुरुंगातील कैद्याला याहून जास्त खायला मिळते, याकडे तिने बोट दाखवले. ही सभा मुख्यतः शिकलेल्या, शहरी मंडळींची होती. तरीही खडी फोडणाऱ्याच्या ताटातले धान्य तिने त्या वेळी मोजले, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

२२/ मद्रास सरकारने १८७७च्या मार्चमध्येच कॉर्निशच्या दिशेने अर्धे पाऊल टाकले : सव्वा पौंड धान्य आणि सोबत डाळ. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. १८७८ अखेरपर्यंत या दुष्काळात, एकट्या ब्रिटिश मुलखात, किती माणसे गेली याचे अंदाज ५५ लाखांपासून पुढे जातात. त्यांतली किती केवळ त्या पौंडामुळे गेली हे कोणीही सांगू शकणार नाही. कॉलरा होता, देवी होत्या, नंतर मलेरिया आला. अशक्त देहावर हे सारे तुटून पडले. ‘टेंपलच्या शिध्याने लाखो मारले’ असे सरळ वाक्य समाजमाध्यमांवर फिरते. ते मी लिहिणार नाही. शिधा अपुरा होता, हे तेव्हाच्या शास्त्राला ठाऊक होते आणि त्या शास्त्राचा आवाज सरकारच्या कानावर पोहोचूनही बाजूला सारला गेला, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते.

२३/ कागदपत्रांत एक तक्रार वारंवार भेटते : दुष्काळी कामावरचे मजूर आळशी, ठरलेली खडी पुरी करत नाहीत. या ‘आळसा’चे शरीरशास्त्र समजायला आणखी सत्तर वर्षे लागली. मधल्या काळात जर्मनीत मॅक्स रुब्नरने कुत्र्याला उष्णतामापक खोलीत ठेवून दाखवले की खाल्लेले अन्न आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा ताळा जवळजवळ पूर्ण जमतो. अमेरिकेत ॲटवॉटरने हेच माणसावर केले. लाव्हाझिएचे तेरा आणि साडेदहा अखेर जुळले. पण अन्न कमी पडले तर देह काय करतो, याचा पद्धतशीर अभ्यास झाला तो १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात.

२४/ अन्सेल कीज याने ३६ स्वयंसेवक निवडले. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाने नकार दिलेले तरुण. त्यांना २४ आठवडे दिवसाला सरासरी १६०० किलोकॅलरींच्या आसपास अन्न दिले आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. विश्रांतीतला चयापचय जवळपास ४० टक्क्यांनी खाली आला, कारण देह लहान झालाच, शिवाय उरलेला देहही काटकसर करू लागला. आणि मनुष्य न सांगता हालचाल कमी करतो असे दिसले : जिना नकोसा होतो, हसणे-बोलणे मंदावते, थंडी वाजते, बसल्या जागेवरून उठवत नाही. उत्पन्न आटले की घर जसे आधी वरखर्च तोडते, तसा देह आधी हालचाल तोडतो. यात इच्छाशक्तीचा प्रश्न फारसा नाही.

२५/ आकड्यांचे साम्य पाहून मी चमकलो होतो. पण दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. मिनेसोटातल्या तरुणांना डॉक्टर होते, ऊबदार निवारा होता, दर आठवड्याला त्यांचे वजन होत असे, आणि जुलै १९४५ अखेर ते संपणार हे त्यांना ठाऊक होते. शिवाय ते दगड फोडत नव्हते. आपल्याकडच्या मुकादमाच्या वहीत देहाच्या वजनाचा रकाना नव्हता. खडीच्या ढिगाचे माप होते. एखाद्याचा ढीग दिवसेंदिवस लहान होत गेला, तर ती नोंद ‘कामचुकार’ या सदरात पडे.

२६/ रिचर्ड स्ट्रेची याच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला. त्यावरून १८८३ साली दुष्काळ संहितेचा पहिला आराखडा आला आणि मग प्रांतोप्रांतीच्या संहिता झाल्या. त्यांत मजुरांचे कामाच्या जडपणानुसार वर्ग पाडले, मजुरी धान्याच्या चालू भावाशी बांधली, आणि ज्यांच्याने काम होत नाही त्यांना कामाशिवाय मदत द्यावी असे लिहिले. विश्रांतीचे माप वेगळे आणि श्रमाचे वेगळे, हे सेग्वँच्या मुखवट्यातून निघालेले तत्त्व अशा रीतीने सरकारी छापील पानावर आले. त्याच संहितांत, ठरलेले काम पुरे न झाल्यास मजुरी कापण्याची कलमेही होती.

(पुढील धागा : त्याच दुष्काळातली गुरे. बैल नांगराला जुंपलेला असो वा गोठ्यात उभा असो, त्याला वैरण लागतेच. आणि पेरणीपूर्वी बैल गेला तर पाऊस येऊनही शेत पडीक राहते.)